बंदूक, परवाना आणि मर्जी

नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात बंदुकांच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. ८ तारखेला तिथे निवडणुकीबरोबरच ‘मेझर ११४’ या प्रस्तावावर सार्वमत झाले होते आणि साडेपन्नास टक्क्यांच्या आसपास मते मिळवून तो काठावर पास झाला होता. ८ डिसेंबरपासून बंदूक विकत घ्यायची तर आधी पोलिसांकडून परवाना काढावा लागणार होता. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे, पूर्वइतिहासाची तपासणी करून घ्यायची, सुरक्षिततेचा वर्ग पुरा करायचा, शिक्षकासमोर बंदूक भरून, झाडून, रिकामी करून दाखवायची आणि पासष्ट डॉलरपर्यंत फी भरायची. परवान्याची मुदत पाच वर्षे. शिवाय दहाहून जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनच्या विक्रीला बंदी. मधला महिना लोकांनी खरेदीत घालवला. राज्य पोलिसांकडे तपासणीसाठी येणारे अर्ज रोजच्या कित्येक पटींनी वाढले आणि हजारोंनी तुंबले. बंदुकांना आवर घालायला निघालेल्या कायद्याने आधी दुकानदारांची दिवाळी केली.

इतक्या दुरून पाहताना हसू येणे साहजिक आहे. अमेरिकेला बंदुकीचे वेड लागले आहे, एवढे म्हणून विषय संपवता येतो आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा तसाच संपवला जातो. मला तसे करावेसे वाटत नाही. ओरेगनच्या बंदूकधारकांनी जे आक्षेप घेतले त्यातले निम्मे पोकळ आहेत. पण एक असा आहे की ज्याला उत्तर दिल्याशिवाय कोणत्याही परवान्याचे समर्थन करता येत नाही. आणि तो आक्षेप काय असतो हे ओळखायला आपला इतिहास अमेरिकेच्या इतिहासापेक्षा कमी उपयोगी नाही.

हा कायदा कोणी आणला आणि तो कोणाच्या वाट्याला आला, ते आधी पाहू. प्रस्तावामागे पोर्टलंडमधल्या चर्चचे आणि इतर धर्मांचे लोक होते. सह्या गोळा करणारे बहुतांश स्वयंसेवक. राज्यात ३६ काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत, आणि प्रस्तावाला बहुमत मिळाले ते त्यातल्या मोजक्या काउंट्यांत. पण माणसे तिथेच जास्त राहतात. इंटेलमुळे हिल्सबरो-बीव्हरटनकडे स्थिरावलेली मराठी कुटुंबे ज्या वॉशिंग्टन काउंटीत राहतात, तिने बाजूने कौल दिला. विरोधात गेलेल्या काउंट्यांत पूर्वेकडची हार्नी होती. क्षेत्रफळ सुमारे सव्वीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट, आणि लोकसंख्या साडेसात हजारांच्या घरात! गुरे, गवत, माळरान, आणि मैलोन्‌मैल कोणी नाही. फ्रेंचग्लेनसारख्या वस्तीपासून काउंटीचे मुख्य गाव बर्न्स साठ मैलांवर. रात्री दारात कोणी आले आणि शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाला, फोन केला, तर त्याची गाडी येईपर्यंत जे काही व्हायचे ते होऊन गेलेले असते. शहरातल्या माणसाला बंदूक हा धोका वाटतो, कारण त्याच्या भिंतीपलीकडे शेजारी आहे. हार्नीतल्या माणसाच्या भिंतीपलीकडे काहीच नाही. दोघांचे खरे आहे. पण सार्वमतात दोघांची मते एकाच पेटीत पडतात आणि पोर्टलंडची पेटी मोठी असते.

तेव्हा पहिली प्रतिक्रिया बंदुकीबद्दल कमी आणि ‘तुम्ही कोण आम्हाला शिकवणारे?’ अशी जास्त होती. लिन काउंटीच्या शेरीफने निकालानंतर लगेच जाहीर केले की मॅगझिनवरच्या मर्यादेची अंमलबजावणी आपले खाते करणार नाही. आणखीही काही शेरीफ त्याच सुरात बोलले. शेरीफ तिथे निवडून येतो. आपल्या मतदारांचा कल ओळखून ते बोलले यात नवल नाही, पण कायदा घटनेत बसतो की नाही हे ठरवणारे ते कोण? न्यायालये त्यासाठीच आहेत. शेरीफने आज मॅगझिनचा कायदा गुंडाळून ठेवला तर उद्या दुसऱ्या गावचा शेरीफ दुसरा कायदा गुंडाळेल, आणि मग ‘आमच्या हक्कांचे रक्षण’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना तक्रारीला तोंड उरणार नाही.

बंदूकधारकांचे सगळ्यात आवडते वाक्य म्हणजे ‘हक्काला परवाना लागत नाही’. गाडी चालवायला परवाना लागतो ना, असे विचारले की उत्तर तयार असते: गाडी घटनेत नाही, बंदूक आहे. संघराज्याच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. ओरेगनच्या स्वतःच्या घटनेतही शस्त्र बाळगण्याचा हक्क वेगळा लिहिलेला आहे. उत्तर चोख आहे, पण ते देणाऱ्या माणसाच्या पाकिटात पाहावे. तिथे शिकारीचे लायसन्स असते. कोणत्या भागात, कोणत्या हंगामात, कोणते जनावर मारता येईल हे ठरवणारा टॅग असतो. हरीण पडले की आधी तो टॅग त्याच्यासाठी वापरल्याची नोंद करायची, मग सुरी काढायची. नाही केले तर दंड. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९७२नंतर जन्मलेल्या कोणालाही शिकारीचा सुरक्षितता-वर्ग केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. त्याविरुद्ध कोणी झेंडे घेऊन राजधानीत गेल्याचे दिसत नाही. (गंमत अशी की व्हिसावर आलेल्या आपल्या पोरांना संघराज्याच्या कायद्याने एरवी बंदूक घेता येत नाही, शिकारीचे लायसन्स काढले की त्या बंदीला अपवाद मिळतो. म्हणजे एका चिठ्ठीची किंमत सरकारही जाणते.) हे वर्ग चालवतात गावातलेच जुने शिकारी, बहुधा फुकट. बाप ज्याच्याकडे शिकला त्याच्याकडेच पोरगा शिकतो. त्यामुळे परवाना या गोष्टीचेच ग्रामीण अमेरिकेला वावडे आहे, हे मला पटत नाही. तो परवाना कोणाच्या हातून येतो, यावर सगळे अडले आहे.

दुसरे आवडते वाक्य: ‘गुन्हेगार परवाना मागायला येत नाही.’ खरे आहे, येत नाही. पण गुन्हेगाराच्या हातातली बंदूक आकाशातून पडत नाही. जवळजवळ प्रत्येक बंदुकीची पहिली विक्री दुकानात, कायदेशीर, फॉर्म भरून झालेली असते. त्या फॉर्मवर सुरुवातीलाच प्रश्न असतो, ‘खरा खरेदीदार तुम्हीच का?’ आणि ज्याला बंदूक मिळणार नाही अशा मित्रासाठी, भावासाठी, प्रियकरासाठी घेणारा माणूस तिथे बेधडक ‘हो’ लिहितो. दुकानदारासमोर खोटे लिहिणे सोपे आहे. पोलीस ठाण्यात जाऊन दहा बोटांचे ठसे देऊन खोटे बोलणे तितके सोपे नाही. मिसुरी राज्यात पिस्तुलासाठी शेरीफकडून परवाना घ्यायचा कायदा १९२१पासून होता. २००७मध्ये तो रद्द केला. त्यानंतर विक्री होऊन फार दिवस न झालेल्या बंदुका गुन्ह्यांत सापडण्याचे प्रमाण तिथे वाढले आणि बंदुकीने होणारे खूनही वाढले, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. कनेक्टिकटमध्ये उलटा प्रयोग झाला होता. १९९५मध्ये तिथे परवाना आला, आणि पुढच्या दहा वर्षांत बंदुकीचे खून अंदाजे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष २०१५च्या एका अभ्यासाने काढला. हे आकडे सांख्यिकीच्या प्रतिरूपावर बेतलेले अंदाज आहेत, मोजपट्टीने मोजलेले नव्हेत. पुढच्या फेरमांडणीत ते बदललेही. शिवाय सँडी हूकची शाळा याच कनेक्टिकटमधली, आणि २०१२मध्ये तिथल्या हत्याकांडात वापरलेल्या बंदुका खुन्याच्या आईने कायदेशीरपणे घेतलेल्या होत्या. तरीही दोन राज्यांत दोन उलट बदल झाले आणि परिणामही उलट दिशांना गेले, याकडे डोळेझाक करायची तर त्यासाठी काही कारण द्यावे लागेल. ‘गुन्हेगार येत नाही’ हे ते कारण होऊ शकत नाही.

पण खून आणि शाळांमधले गोळीबार यांच्यावरच बोलत राहिल्याने दोन्ही बाजूंचे मोठे नुकसान झाले आहे. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यातली २६,३२८ स्वतःच्या हाताने. निम्म्याहून जास्त! हे मरणारे बहुतांशी पुरुष, आणि हे प्रमाण गावाकडे जास्त. हार्नीसारख्या ठिकाणीच. जीव द्यायला औषधाच्या गोळ्या खाल्लेली माणसे बहुतेक वाचतात, बंदूक लावून घेतलेल्यांपैकी दहात एखादा. आणि आत्महत्येची ऊर्मी बऱ्याचदा ओसरणारी असते; त्या रात्री, त्या आठवड्यात हातात काय आहे यावर पुढचे ठरते. कॅलिफोर्नियातल्या लक्षावधी लोकांच्या नोंदी पाहून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पहिले पिस्तूल घेतल्यानंतरच्या अगदी पहिल्या दिवसांत हा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणजे काही जण त्याच कामासाठी दुकानात जातात. अशा माणसाला ‘वर्ग करा, ठसे द्या, मग या’ असे सांगणारा कायदा त्याचा हक्क हिरावत नसतो. त्याला थोडे दिवस देत असतो. घरात आधीच चार बंदुका असलेल्या म्हाताऱ्याला या कायद्याचा उपयोग नाही, हे मान्य. पण जो कायदा पोर्टलंडने गावावर लादला म्हणून गाव संतापले, त्याचा पहिला फायदा गावालाच होता, हे त्यांना कोणी नीट सांगितले नाही. प्रचार सगळा शाळांचा आणि मॉलचा झाला. रोझबर्गच्या अम्पक्वा कॉलेजात ऑक्टोबर २०१५मध्ये नऊ जण मारले गेले, तेव्हा सांत्वनाला आलेल्या राष्ट्राध्यक्ष ओबामांना त्याच गावात बंदूकसमर्थकांची निदर्शने पाहावी लागली. परक्याच्या भीतीचे राजकारण केले की समोरून उत्तरही परक्याच्या भीतीचेच येते.

आता तो आक्षेप, ज्याला उत्तर द्यावेच लागते.

मेझर ११४मध्ये परवाना देणारा अधिकारी म्हणजे शेरीफ किंवा शहराचा पोलीस प्रमुख. गुन्हा सिद्ध झाला आहे का, कोर्टाचा मनाई हुकूम आहे का, हे तपासणे सोपे, कागद बोलतो. पण अर्जदाराची मानसिक स्थिती किंवा हिंसेचा, धमक्यांचा पूर्वीचा प्रकार पाहता तो स्वतःला किंवा समाजाला धोका ठरेल असे वाटायला वाजवी कारण आहे का, हे ठरवण्याची मुभाही या अधिकाऱ्याला दिली आहे. कायद्यात नकार लेखी हवा, त्यावर अपील हवे, हे सगळे आहे. तरी ‘वाटायला वाजवी कारण आहे’ या चार शब्दांच्या भोकातून काय काय आत येते हे अमेरिकेतल्या काळ्या माणसाला कोणी शिकवायला नको. जानेवारी १९५६मध्ये माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अहिंसेचा हा पुढारी, घरात बायको आणि तान्ही मुलगी, दारात बाँब पडलेला. याहून मोठी गरज कोणाची असणार? अर्ज नामंजूर झाला. नॉर्थ कॅरोलायनात पिस्तुलाच्या खरेदीसाठी शेरीफचा परवाना १९१९मध्ये आला, वर्णभेदाच्या ऐन भरात, आणि ‘चांगली वर्तणूक’ कोणाची हे ठरवणे शेरीफकडे होते. २०२३मध्ये रिपब्लिकन विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून तो कायदा रद्द केला, तेव्हा त्यांनी हाच वर्णद्वेषी इतिहास पुढे केला. त्या सभागृहातल्या किती जणांना एरवी या इतिहासाची आठवण येते, हा प्रश्न मी सोडून देतो. इतिहास खोटा नव्हता. १९६७मध्ये ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, आणि भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी करणाऱ्या कायद्यावर ज्या गव्हर्नरने सही केली त्याचे नाव रोनाल्ड रेगन.

आपल्याला यात नवीन काही नाही. लॉर्ड लिटनने १८७८ या एकाच वर्षात देशी वृत्तपत्रांचा कायदा आणि हत्यारांचा कायदा आणला. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने चार वर्षांत मागे घेतला. हत्यारांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही १९५९चा नवा कायदा लागू होईपर्यंत टिकला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्यांना सूट. गांधीजींनी इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत या कायद्याला फार वरचे स्थान दिले होते, आणि त्यांचे ते वाक्य अमेरिकेतले बंदूकवाले आजही भिंतीवर लावतात. ते वाक्य १९१८च्या सैन्यभरतीच्या पत्रकातले आहे, सैन्यात या म्हणजे हत्यार चालवायला शिकाल, असे सांगणारे, हे मात्र ते लावत नाहीत. काँग्रेसने १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून मागितला होता. घटना समितीत डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कराचीची मागणी परक्या सरकारने हत्यारे काढून घेतलेल्या काळातली होती. आता प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते हत्यार घ्यावे असा हक्क दिला तर राज्य चालवणेच अशक्य होईल, असा त्यांचा रोख होता. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

पण हक्क नाकारल्यावर जे उरले ते काय? जिल्हाधिकाऱ्याची किंवा पोलीस आयुक्ताची मर्जी. आजरा-चंदगडकडच्या शेतकऱ्याला रानडुकरे आणि गवे यांच्यापासून पीक राखायला ठासणीची बंदूक हवी असते, तर त्याने वर्षानुवर्षे खेटे घालायचे. निवडणूक लागली की आहे तीही ठाण्यात जमा करायची. आणि बीड जिल्ह्यात? मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर तिथल्या पिस्तूल-परवान्यांचा विषय चव्हाट्यावर आला. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरले, गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०२५मध्ये प्रशासनाला परवाने रद्द करत बसावे लागले. मर्जीवर चालणारा परवाना माँटगोमेरीत दुबळ्याला नाकारला जातो आणि बीडमध्ये वजनदाराला मिळतो. दोन्ही ठिकाणी कायदा अस्तित्वात होता. दोन्ही ठिकाणी अर्ज, तपासणी, सही, शिक्का सगळे होते.

म्हणून मला वाटते, ‘परवाना असावा की नसावा’ हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. परवाना असावा. पण तो देणाऱ्याच्या हातात शक्य तितके कमी असावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२च्या ब्रुएन निकालात हाच मुद्दा धरला. न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल घेऊन फिरण्यासाठी ‘विशेष गरज’ सिद्ध करावी लागे, आणि ती सिद्ध झाली की नाही हे अधिकारी ठरवे. ते न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. बंदूकधारकांनी पेढे वाटले. पण न्या. क्लॅरेन्स थॉमस यांच्या त्याच निकालात एक तळटीप आहे. ठरलेल्या कसोट्या पुऱ्या केल्या की परवाना द्यावाच लागतो, अशा राज्यांचे कायदे आम्ही मोडीत काढत नाही, असे तिच्यात म्हटले आहे. मात्र तपासणीत भरमसाट विलंब किंवा भरमसाट फी आली तर त्याला आव्हान देता येईल. ओरेगनच्या वादातली दोन्ही टोके त्या टीपेत आली आहेत, आणि दोन्ही पक्षांना तिचा आपल्या सोयीचा अर्धा भागच पाठ आहे.

विलंबाच्या बाबतीत ओरेगन सरकारने हसे करून घेतले. कायदा लागू व्हायचा दिवस आला, आणि वर्ग चालवायला मान्यताप्राप्त व्यवस्थाच नव्हती. राज्यालाच संघराज्याच्या कोर्टात सांगावे लागले की परवान्याची तयारी झालेली नाही, वेळ हवा. न्या. करिन इमरगुट यांनी कायद्याला स्थगिती नाकारली, पण परवान्याच्या कलमाला महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात हार्नी काउंटीच्या न्यायाधीशांनी राज्याच्या घटनेच्या आधारे सगळाच कायदा थांबवला. जुलै २०२३मध्ये इमरगुटबाईंनी तो संघराज्याच्या घटनेत बसतो असे ठरवले. त्यांची नेमणूक ट्रम्प यांनी केलेली, हे ‘कोर्ट विकले गेले’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. नोव्हेंबरमध्ये हार्नीच्या न्यायालयाने तो राज्याच्या घटनेत बसत नाही असे ठरवले, मार्च २०२५मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने हार्नीचा निकाल फिरवला, आणि प्रकरण आणखी वर गेले. या सगळ्यात बंदूकधारकांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे: जो कागद देणारे कार्यालयच नाही, तो कागद आणल्याशिवाय हक्क बजावता येणार नाही असे म्हणणे म्हणजे परवाना नव्हे, बंदी होय. बंदी हवी असेल तर ती बंदी म्हणून मतदानाला ठेवावी. आडमार्गाने आणू नये.

तपासणी पुरी होईपर्यंत विक्री नाही, ही या कायद्यातली अट मात्र मी एक इंचही ढिली करणार नाही. संघराज्याच्या नियमाप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये जून २०१५मध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते याच फटीतून. उशिराची किंमत अर्जदाराने भरू नये हे खरे. पण ती चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्यांनीही भरू नये. ती सरकारने भरावी: माणसे नेमून, पैसे खर्चून.

ओरेगनच्या उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांनी मे २०२५मध्ये असाच कायदा सही करून पक्का केला. तिथेही ठसे, प्रत्यक्ष गोळीबारासह वर्ग, पाच वर्षांचा परवाना. तो आणणाऱ्या आमदार लिझ बेरी एकेकाळी गॅबी गिफर्ड्स यांच्या कार्यालयात काम करत. तेव्हा खासदार असलेल्या गिफर्ड्सबाईंना २०११मध्ये टूसाँ शहराजवळ डोक्यात गोळी लागली होती. वॉशिंग्टनचे बंदूकधारकही तेच बोलत आहेत: हक्काला परवाना नको, गुन्हेगार येत नाही, सिअॅटल आमच्यावर राज्य करते. त्यांनी ही वाक्ये सोडून द्यावीत आणि नेमके मागावे. गरिबाला फी माफ. नकार फक्त कागदावर दाखवता येईल अशा कारणासाठी. प्रत्येक काउंटीत वर्ग, आणि शिकवायला तिथलेच शिकारी. दर वर्षी किती अर्ज आले, किती नाकारले, कोणाचे नाकारले, याची जाहीर यादी, म्हणजे माँटगोमेरी पुन्हा घडली तर लपणार नाही. आणि सरकारने एवढे तरी करावे की शेवटच्या आडगावी वर्ग उघडेपर्यंत तिथल्या माणसाला परवाना विचारू नये. कायदा १ मे २०२७ रोजी लागू व्हायचा आहे. ओरेगनला महिना मिळाला होता. वॉशिंग्टनला जवळपास दोन वर्षे मिळाली आहेत.